खैरुन्निसाची गोष्ट कुठे थांबवायची?

इंग्रज, पोर्तुगीज, फ्रेंच इथे पाय रोवत होते त्या काळातल्या प्रेमकथांना आज मोठा वाचकवर्ग आहे. त्यांचा साचा एव्हाना पाठ झाला आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा एखादा अधिकारी, लहानपणीच आईवेगळा झालेला, घरापासून हजारो मैल दूर, लढाईत नको ते पाहिलेला. समोर इथली एक तरुणी, बापाचं छत्र हरपलेली किंवा नवरा मारला गेलेली, नातेवाइकांनी भलत्याच घरी लग्न ठरवलेली. दोघंही दुखावलेली, दोघंही एकटी, आणि सरहद्दीवरच्या अस्थिर दिवसांत एकमेकांचा आधार होणारी. अशी कादंबरी आली की वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, प्रेमात कसली आलीय सत्ता आणि वसाहत, दोन माणसं भेटली, भेटू द्या त्यांना. दुसरी म्हणते, राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यात प्रेम असूच शकत नाही, हा शोषणावर चढवलेला मुलामा आहे, असलं लिहूच नये. दोन्ही बाजू इतिहास घाईत उरकतात असं मला वाटतं. या कथा लिहिल्या जाव्यात, हे माझं ठाम मत आहे. पण ‘दोघंही जखमी’ या दोन शब्दांवर त्या उभ्या राहतात आणि तिथेच त्यांचा पाया कच्चा राहतो. जखम दोघांना असते हे खरं. उठून निघून जायची सोय मात्र एकालाच असते. ती सोय वाचकाला दिसायची असेल तर गोष्ट लग्नापाशी संपवून चालत नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेऊ. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक 1764 साली मद्रासेत जन्मला. तो अगदी लहान असतानाच त्याची आई वारली आणि त्याचं बालपण इंग्लंडात, आईबापांविना गेलं. 1798 मध्ये तो हैदराबादच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे तिथे राहणारा प्रतिनिधी होता. खैरुन्निसा सय्यद घराण्यातली, फौजेचा बक्षी, म्हणजे पगार वाटणारा अधिकारी, बाकर अली खान याची नात. वडील हयात नव्हते, आई शरफुन्निसा विधवा, आणि आजोबांनी तिचं लग्न एका सरदारघराण्यात ठरवून टाकलेलं. दोघांची ओळख झाली तेव्हा तिचं वय चौदाच्या आसपास होतं. ठरलेलं लग्न मोडलं, कर्कपॅट्रिकने इस्लाम स्वीकारला, मुस्लिम रिवाजाप्रमाणे निकाह झाला, 1801 मध्ये मुलगा झाला आणि 1802 मध्ये मुलगी. गव्हर्नर जनरल वेलस्लीने यावरून चौकशी लावली. रेसिडेंटने जबरदस्ती केली, असा आरोप होता. त्यातून तो सुटला. एवढ्यावर कादंबरी थांबवली तर तिच्यात काहीच कमी पडत नाही: धोका आहे, धाडस आहे, समाजाचा विरोध आहे, शेवटी मिलन आहे.

आता त्या वेळचं हैदराबाद पाहा. मराठी वाचकाला खर्डा म्हणजे 1795 चा विजय, सगळे सरदार एका झेंड्याखाली आल्याचा शेवटचा मोठा प्रसंग. मुसीच्या काठी, म्हणजे हैदराबादेत, तीच लढाई मानहानी म्हणून लक्षात राहिली होती. निजामाने मुलूख गमावला, खंडणी कबूल केली, आणि त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क याला ओलीस म्हणून पुण्यात राहावं लागलं. तो सुटून परतला तो मराठ्यांची धास्ती मनात घेऊनच. त्या धास्तीपोटी दरबार कंपनीकडे झुकला आणि सप्टेंबर 1798 मध्ये तैनाती फौजेचा तह झाला. पुढच्याच महिन्यात निजामाच्या पदरची फ्रेंच अधिकाऱ्यांची पलटण निःशस्त्र करण्यात आली. हे सगळं घडवून आणणारा माणूस कर्कपॅट्रिकच. म्हणजे जो ‘एकाकी, आईवेगळा तरुण’ खैरुन्निसाच्या घरात आला, त्याने नुकतंच तिच्या शहराचं संरक्षण आपल्या कंपनीच्या ताब्यात घेतलं होतं. आणि या सोयरिकीला दिवाणाचा पाठिंबा होता. रेसिडेंट जावई झाला तर दरबाराचा माणूस होईल, हा हिशेब त्यामागे होता. त्या घरात कोणीच निव्वळ प्रेमापोटी दार उघडत नव्हतं.

मग प्रेम नव्हतंच का? होतं, असं मी मानतो. त्याने नोकरी पणाला लावली, रेसिडेन्सीच्या आवारात तिच्यासाठी रंगमहाल बांधला, मुलांना इथल्या रिवाजाने वाढवलं. तिनेही आजोबांचं ऐकलं नाही. पण सत्तेचा हिशेब होता म्हणून प्रेम खोटं ठरत नाही, तसंच प्रेम होतं म्हणून हिशेब पुसला जात नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि कादंबरीसारखा लवचीक प्रकार हाताशी असताना आपण दोन्ही बाजूंनी त्यातली एकच मागतो.

लग्नानंतरची गोष्ट अशी. 1805 मध्ये दोन्ही मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं गेलं. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीन. जाण्याआधी मद्रासेत जॉर्ज चिनरीने त्यांचं चित्र काढलं. दोघंही हैदराबादी पोशाखात उभी आहेत. जहाज सुटलं आणि महिन्याभरात, 15 ऑक्टोबरला, कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. इंग्लंडात मुलांचा बाप्तिस्मा झाला, नावं बदलली. साहिब आलमचा विल्यम जॉर्ज झाला, साहिब बेगमची कॅथरीन, म्हणजे किटी. खैरुन्निसा तेव्हा जेमतेम विशीची. ती कलकत्त्याला नवऱ्याच्या कबरीपाशी गेली. तिथे कर्कपॅट्रिकचाच जुना सहकारी हेन्री रसेल तिच्या आयुष्यात आला. बदनामीच्या भयाने हैदराबादच्या दरबाराने तिला परत येऊ दिलं नाही, आणि तिला मच्छलीपट्टणला जाऊन राहावं लागलं. रसेलने 1808 मध्ये मद्रासेत दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं. खैरुन्निसा 1813 मध्ये, सत्ताविसाच्या आसपास, हैदराबादेत वारली. मुलांना तिने पुन्हा पाहिलं नाही. पुढे 1841 च्या सुमारास किटीचा आणि तिच्या आजीचा, शरफुन्निसेचा, पत्रव्यवहार जुळला. आई स्वप्नात येते, ती सापडल्याचा आनंद होतो, पण मी बोलते ते इंग्रजी तिला कळत नाही हे पाहून जीव कासावीस होतो, अशा अर्थाचं किटीने आजीला लिहिलं आहे.

मी तो मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या साऱ्या प्रेमकथांचा राग आला होता, आणि तो राग रास्त होता असंच आजही वाटतं. या सगळ्यात कोणीही दुष्ट नाही. कर्कपॅट्रिकने मुलांना पाठवलं ते त्यांच्या भल्यासाठी. त्याला कारण होतं. 1791 मध्ये कंपनीने हुकूम काढला होता की देशी आईच्या मुलाला मुलकी, लष्करी किंवा आरमारी हुद्दा मिळणार नाही. 1795 मध्ये त्याहून कडक नियम आला: आई आणि बाप दोन्ही युरोपीय नसतील तर फौजेत फक्त बासरीवाला, ढोलवाला, बँडवाला किंवा घोड्यांचा नालबंद म्हणून जागा. मुलगा हैदराबादेत राहिला असता तर बापाच्या जगात त्याची पत ढोल वाजवण्याइतकी उरली असती. म्हणून बापाने त्याला दूर पाठवलं. आता सांगा, या निर्णयात जखम कोणाची आणि इलाज कोणाच्या हातात? तो नियम करणारी कंपनी कर्कपॅट्रिकची होती. त्याची किंमत खैरुन्निसेने मोजली.

विरोधी बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा असा, की कित्येकांनी शेवटपर्यंत साथ दिली. हे खरंच आहे आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. 1798 ते 1801 पुण्यात रेसिडेंट असलेला विल्यम पामर आणि फैज बख्श यांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पामरने तिला कधीच सोडलं नाही. 1816 मध्ये तो वारला, तेव्हा मृत्युपत्रात त्याने पस्तीसहून जास्त वर्षांची सोबतीण म्हणून तिचा प्रेमाने उल्लेख केला. पामर पुण्यात असताना मराठ्यांविषयी फार मवाळ आहे अशी वेलस्लीची तक्रार होती, आणि त्याला हटवून बॅरी क्लोजला आणण्यात आलं. हा माणूस मनापासून इथला झाला होता.

पण इतिहासकार फैज बख्शची बहीण मानतात त्या हलीमाची गोष्ट याच्या शेजारी ठेवा. तिचं लग्न बेनुआ द ब्वान्यशी झालं. मराठी इतिहासात हा डी बॉयन, महादजी शिंद्यांचा सेनापती, ज्याच्या कवायती पलटणींनी 1790 मध्ये पाटण आणि मेडता जिंकून दिलं. त्याने 1796 च्या सुमारास हिंदुस्थान सोडला, हलीमाला आणि दोन मुलांना घेऊन इंग्लंड गाठलं, आणि वर्षभरात तिला बाजूला करून 1798 मध्ये एका फ्रेंच उमरावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. हलीमा हेलेना बेनेट या नावाने ससेक्समध्ये राहिली आणि 1853 मध्ये तिथेच वारली. पन्नासाहून अधिक वर्षं, परक्या देशात, परक्या नावाने. एकाच घरच्या दोन मुली. एकीला पामर मिळाला, दुसरीला डी बॉयन. या दोघींच्या नशिबातला फरक कशाने ठरला? नवऱ्याच्या स्वभावाने, दुसऱ्या कशानेही नाही. दाद मागायला न्यायालय नाही, जात-पंचायत नाही, माहेर उरलेलं नाही. पामर चांगला निघाला हे त्याचं मोठेपण. पण ज्या व्यवस्थेत एका बाईचं सगळं आयुष्य समोरचा माणूस चांगला निघण्यावर अवलंबून असतं, तिला प्रेमाचं राज्य म्हणता येत नाही. चांगल्या नवऱ्याची उदाहरणं देऊन ही अडचण सुटत नाही, उलट जास्त स्पष्ट होते.

दुसरा मुद्दा आपल्याला अधिक झोंबणारा आहे. गोऱ्यांनाच का धरता, आपल्याकडे काय वेगळं होतं? मस्तानीला बाजीरावाच्या हयातीतच घरच्यांनी कैदेत ठेवलं. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री चालत होती, त्यांच्या किमती दप्तरात नोंदलेल्या आहेत. हे मान्यच करायला हवं, आडपडदा न ठेवता. मराठी ऐतिहासिक कादंबरीने कुणबिणींकडे जवळजवळ पाहिलेलंच नाही, हा माझ्या मते आपल्या वाङ्मयाचा मोठा दोष आहे. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर याला ब्राह्मणांनी आपलं मानलं नाही, पण तो पेशव्यांच्या घरात वाढला, त्याला सरंजाम मिळाला, तो पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी 1761 मध्ये वारला. त्याच्या मुलाने, अली बहाद्दराने, बुंदेलखंडात मुलूख जिंकला. याच्या उलट जेम्स स्किनर. बाप कंपनीचा स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत. 1791 च्या हुकमाने कंपनीच्या फौजेचं दार बंद, म्हणून हा पोरगा नोकरी मागायला आला तो शिंद्यांच्या फौजेत, डी बॉयनच्याच हाताखाली. आणि 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटल्यावर, इंग्रजाचा मुलगा म्हणून तिथूनही त्याला काढलं गेलं. पेशवे उदार होते असं यावरून मी म्हणत नाही. जुन्या दरबारी विषमतेत मुलाला एखादी वाट सापडायची. कंपनीने ती वाट रक्ताच्या हिशेबाने, लेखी नियमाने बंद केली. वसाहतीची सरहद्द नकाशावर होती तशीच ती एकेका घरातून, आई आणि मुलाच्या मधून गेली होती.

स्किनरच्या आईविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण ‘दोघं जखमी’ हा साचा तिच्यापुढे टिकत नाही. ती भोजपूरकडच्या एका जमीनदाराची मुलगी. लढाईत पकडली गेली तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि स्किनरच्या बापाच्या हाती आली. बापाने तिला प्रेमाने वागवलं, असं मुलगाच आठवणींत सांगतो. सहा मुलं झाली. मग बापाने ठरवलं की मुलींना शाळेत घालायचं. पडदा मोडून मुली परक्या घरी जाणार म्हणजे आपल्या कुळाची अब्रू गेली, असं तिला वाटलं, आणि तिने जीव दिला. तो 1790 चा सुमार. या घरात प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? आणि प्रेम होतं म्हणून तिच्या शब्दाला काही वजन होतं असं तरी कोण म्हणेल? मुलींना शाळेत घालणं आज आपल्याला योग्यच वाटेल, मलाही वाटतं. पण चौदाव्या वर्षी लढाईत सगळं गमावलेल्या बाईकडे स्वतःची म्हणून उरलेली एकच गोष्ट तिला न विचारता काढून घेतली गेली. मायाळू माणसाकडून घेतली गेली, एवढंच.

अजून मागे जाऊन गोवा पाहा. 25 नोव्हेंबर 1510 रोजी पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा दुसऱ्यांदा जिंकलं, तेव्हा शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याला लिहिलेल्या पत्रात त्याने मारलेल्यांचा आकडा सहा हजारांच्या घरात दिला आहे. लगेच त्याने आपल्या सैनिकांची लग्नं लावायला घेतली, ती मुख्यतः मारल्या गेलेल्यांच्या बायकामुलींशी, बाप्तिस्मा देऊन. लग्न करणाऱ्या सैनिकाला घर, जमीन, घोडा. या कुटुंबवत्सल सैनिकांना कझादो म्हणत, आणि थोड्याच काळात अशी दोनशेच्या आसपास लग्नं लागली. यातला एक सैनिक घ्या: लिस्बनहून निघालेला, वाटेत निम्मे सोबती तापाने गेलेले, स्वतः जायबंदी. आणि त्याची बायको घ्या: महिन्यापूर्वी नवरा मारला गेलेली. साच्याच्या दृष्टीने ही जोडी अगदी आदर्श, दोघंही जखमी, दोघंही घर हरवलेले. पण तिची जखम त्याच्याच पलटणीने केलेली आहे आणि घर-घोड्याचं बक्षीस त्याला तिच्यासकट मिळालेलं आहे. यांच्यात पुढे माया निर्माण झाली नसेल? वीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर, मुलं वाढवल्यावर, काही घरांत नक्की झाली असेल. ती माया लिहावी. पण ‘एकमेकांच्या जखमा भरून काढल्या’ असं लिहिणारा लेखक अल्बुकर्कच्या हिशेबाला कवितेची झूल घालतो आहे.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी माझं भांडण सुरू होतं. त्यांच्या मते अशा नात्यात संमती अशक्य, म्हणून प्रेमकथाही अशक्य. चौदा वर्षांच्या मुलीबाबत हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला मी उत्तर देऊ पाहत नाही. त्या काळी लग्नं त्याच वयात होत होती, हे सांगून तो निकाली निघत नाही. पण सरसकट ‘बळी’ ठरवून आपण या बायकांचं काय करतो? कंपनीच्या काळातली बाप्तिस्म्याची रजिस्टरं पाहा. बापाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं असतं, आणि आईच्या जागी पुष्कळदा फक्त ‘एक देशी बाई’. नाव नाही. बाप मरताना इस्टेटीतला काही वाटा ठेवतो, तेव्हाही कित्येकदा ती ‘माझ्या मुलांची आई’. खैरुन्निसेने आजोबांचा शब्द मोडला, आईला आपल्या बाजूला वळवलं, आणि चौकशीच्या काळात घरच्या बायका आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. पुढे रसेलबाबत तिचा अंदाज चुकला, पण तो अंदाज तिचा होता. हे सगळं पुसून तिला नुसतं शोषित म्हणणं म्हणजे रजिस्टरातल्या त्या कारकुनाच्याच हाताने पुन्हा लिहिणं. ज्याला निवड करायला फार थोडी जागा होती त्या माणसाने त्या जागेत काय निवडलं, हेच तर कादंबरीला सांगता येतं. इतिहासाच्या पुस्तकाला ते नेहमी जमत नाही.

म्हणून लिहू नका म्हणणाऱ्यांनाही माझा विरोध आहे, आणि मराठीत तर मी उलट आग्रह धरीन. चार्ल्स मॅलेट 1786 पासून 1797 पर्यंत पुण्यात रेसिडेंट होता. संगमावर त्याचा बंगला. त्याच्याच प्रोत्साहनाने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, चित्रकार गंगाराम तांबट तिथेच पुढे आला. हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच बंगल्यात अंबर कौर नावाची राजपूत स्त्री राहत होती, तिला मॅलेटपासून तीन मुलं झाली आणि ती मुलं इंग्लंडला गेली. मॅलेट मायदेशी परतला आणि 1799 मध्ये त्याने चित्रकार जेम्स वेल्सच्या मुलीशी लग्न केलं. वेल्स 1795 मध्येच वारला होता, म्हणजे ती मुलगीही पोरकी, तीही जखमी. तिची गोष्ट सांगायला कोणीतरी पुढे येईल. अंबर कौरची कोण सांगणार?

साधनं हाताशी आहेत. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादित करून छापले, ते जुन्या ग्रंथालयांत आजही मिळतात. त्यांत तह आहेत, खंडणीचे आकडे आहेत, सवाई माधवरावाच्या दरबारातल्या बारीकसारीक बातम्या आहेत. अंबर कौरसाठी त्या ओळींच्या मधे शोधावं लागेल आणि बरंचसं कल्पनेनेच भरावं लागेल. लेखकाने जरूर भरावं. तिला मॅलेट आवडत होता असंही दाखवावं, संगमावरच्या बागेत दोघं हसताना दाखवावीत, त्याला घरची आठवण येऊन तो रात्री जागा राहतो आणि ती त्याला जवळ घेते, तेही लिहावं. फक्त मुलं पुण्याहून निघतात त्या दिवशी लेखकाने त्यांच्याबरोबर मुंबईच्या वाटेला लागू नये. त्याने तिच्यापाशी थांबावं, आणि मॅलेटच्या नव्या लग्नाची बातमी पुण्यात येईपर्यंतची तिची वर्षं एकेक करून लिहावीत.